दोन घरे, एक शिपाई: ११७ व्या मराठा पलटणीतल्या एका मृत्यूचा माग

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात देवघराच्या फडताळात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले चांदणीच्या आकाराचे एक पदक आहे. घरातले लोक सांगतात, "आजोबांचे धाकटे चुलते बसऱ्याच्या लढाईत गेले. लग्न व्हायचे होते." तिथून दोन तालुके ओलांडून दुसऱ्या एका गावात, दुसऱ्याच आडनावाच्या घरात ब्रॉंझची एक जड थाळी आहे. तिच्यावर जवळपास तेच नाव आहे आणि त्या घरातले लोक म्हणतात, "हे आमच्या आजीचे वडील." दोन्ही घरांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नाही. शिपाई एकच की दोन, तो मेला कधी आणि कुठे, आणि त्याच्या मागे राहिलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न या प्रकरणात सोडवायचे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हे नमुना प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धातल्या मराठा शिपायांचा माग काढताना कागद ज्या क्रमाने हाती येतात आणि ज्या ठिकाणी दिशाभूल करतात, तो क्रम एका कुटुंबाच्या रूपात मांडला आहे. म्हणून माणसे आणि गावे बेनाव ठेवली आहेत. लढाया, तारखा, कायदे आणि दप्तरे मात्र खरी आहेत.

सुरुवात वस्तूंपासून करावी, आठवणींपासून नव्हे. आठवण पिढीगणिक बदलते, धातूवर ठोकलेला नंबर बदलत नाही. फडताळातली चांदणी म्हणजे १९१४-१५ चा स्टार: चार टोके, आडव्या दोन तलवारी, वर मुकुट. त्याची पाठ सपाट असते आणि तिच्यावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. याच्यासोबत आणखी दोन पदके मिळत. एक चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि एक ब्रॉंझचे व्हिक्टरी मेडल. दोन्ही गोल, ३६ मिलिमीटर व्यासाची, आणि त्यांच्यावर नाव पाठीवर नसून कडेवर असते. घरात चांदीचेच पदक नसेल तर त्यात नवल नाही. अडचणीच्या वर्षी सोनाराकडे आधी तेच जाते. या घरातही स्टार उरला, बाकी दोन गेली.

स्टार हाती आला की पहिली चूक होते ती तो चिंच-मीठ लावून लख्ख करण्याची. शंभर वर्षांत आधीच झिजलेली अक्षरे त्या घासण्याने कायमची जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटकावी. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड पदकाच्या पाठीवर अगदी आडवा, जवळजवळ समांतर पाडावा आणि चार बाजूंनी चार फोटो घ्यावेत. आडव्या उजेडात खोलगट अक्षराच्या एका कडेला सावली धरते आणि समोरून पाहताना न दिसणारा आकडा उठून येतो. तरीही ३ आणि ८, किंवा १ आणि ७ यांत शंका राहते. अशा वेळी एक आकडा ठरवून पुढे जाऊ नये. दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात. या प्रकरणात चार आकडी नंबरातला तिसरा आकडा संशयित होता, म्हणजे शोधायचे नंबर दोन झाले. पलटण मात्र स्पष्ट होती: ११७ वी मराठा.

स्टारवर लिहिलेली नसलेलीही एक गोष्ट त्यातून कळते. ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात जो युद्धक्षेत्रात पोहोचला, त्यालाच हे पदक मिळे. १९१६ मध्ये गेलेल्याला ते मिळत नसे. म्हणजे हा माणूस १९१५ संपण्याआधी समुद्रापार गेलेला होता. आता पलटणीचा इतिहास शेजारी ठेवावा. ११७ वी मराठा सोळाव्या ब्रिगेडबरोबर ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली. ६ नोव्हेंबरला हे सैन्य मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फाव येथे उतरले आणि त्याच महिन्यात बसरा घेतले. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई, सप्टेंबरच्या अखेरीस कुत-अल-अमारा, २२ नोव्हेंबरपासून टेसिफोन, मग माघार. ७ डिसेंबर १९१५ ला कुतला तुर्की सैन्याचा वेढा पडला आणि १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. सातारा, रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या किती घरांचा मेसोपोटेमियाशी संबंध कुतवरूनच जोडलेला असेल, याचा अंदाज यावरून करावा. घरातला 'बसरा' हा शब्द मात्र ठिकाण म्हणून धरू नये. बोलण्यात तो सगळ्या मुलखाचे नाव होऊन बसला आहे.

थाळीकडे वळू. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या वारसाला ही स्मृतिथाळी पाठवली गेली. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, हातात घेतली तर जड. एका बाजूला ब्रिटनचे प्रतीक असलेल्या ब्रिटानियाची आकृती आणि सिंह, कडेने इंग्रजीत 'स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने प्राण दिला' या अर्थाचे वाक्य, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरात नाव. फक्त नाव. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगलाच होता. पण माग काढणाऱ्याची त्याने पंचाईत होते, कारण या थाळीवरून एकटीने काहीच सिद्ध करता येत नाही. तिच्यासोबत एक छापील सन्मानपत्रही येई. कागद असल्यामुळे ते बहुतेक घरांत वाळवीने खाल्ले. इथेही तेच झाले.

पदक हयातीतल्या सेवेचे असते, थाळी मृत्यूची. थाळी ज्या घरात आहे त्या घराकडे, किंवा त्या घरात आलेल्या माणसाकडे, सरकारने वारस म्हणून पाहिले होते. या प्रकरणाची किल्ली इथेच होती. पण पदक असलेल्या घराला थाळी हा प्रकार माहीतच नव्हता, त्यामुळे 'ती आपल्याकडे का नाही' हा प्रश्न त्यांना पडला नाही.

गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. सातारा भागात अशा पाट्या ठिकठिकाणी आहेत आणि मजकूर जवळपास ठरलेला आहे: या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावे नाहीत. पाटी चुन्याखाली गेली असेल तर ओल्या कापडाने हलक्या हाताने पुसावी, तासू नये. अक्षरात ऑइलपेंट भरून 'दुरुस्त' केलेल्या पाटीवर विश्वास ठेवू नये. रंगवणाऱ्याने झिजलेल्या ३ चा ८ केला की गावाच्या इतिहासात पाच मेलेले वाढतात. पाटीचा उपयोग एवढाच, की गावातून माणसे गेली होती आणि इतकी परत आली नाहीत, याला ती समकालीन पुरावा आहे.

आता आयोगाची नोंदवही. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची थडगी, स्मारके आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा शोध कोणालाही विनामूल्य वापरता येतो आणि बहुतेक लोक तिथेच पहिल्यांदा हरतात, कारण ते नावाने शोधतात. मराठी नाव रोमन लिपीत गेले की ट आणि त, ठ आणि थ, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांतला फरक संपतो. त्यावर लिहिणारा कारकून मराठी जाणणारा असेलच असे नाही, आणि तो ऐकलेले लिहीत होता. विठ्ठलचा विथल, ज्ञानूचा दनू किंवा ग्यानू, कोंडिबाचा कुंदिबा, शिंद्यांचे सिंदे होते. शिवाय पहिले नाव आणि आडनाव कित्येकदा दोन्ही एकाच रकान्यात असतात. म्हणून आधी नावाचा रकाना कोरा ठेवून नंबर आणि पलटण एवढेच टाकावे. नंबरात स्पेलिंग नसते.

यातही एक अडचण आहे. त्या काळी शिपायाचा नंबर सगळ्या सैन्याचा एक नसे, प्रत्येक पलटणीचा वेगळा असे. तोच नंबर १०३ व्या, ११० व्या आणि ११७ व्या पलटणीत तीन निरनिराळ्या माणसांचा असू शकतो. आणि एका पलटणीतला शिपाई दुसरीच्या भरतीला पाठवला गेला तर तो जुना नंबर घेऊनच जाई. नोंदीत तेव्हा दोन पलटणींची नावे येतात. इथे दोन्ही संशयित नंबर टाकल्यावर ११७ व्या पलटणीत एकाच नंबराला मृताची नोंद आली. नाव तेच, स्पेलिंग वेगळे. मृत्यूची तारीख ऑगस्ट १९१६ मधली. स्मारक बसरा. शेवटच्या रकान्यात: अमुक बाईचा पती, गाव अमुक, खानापूर, सातारा.

पदक असलेल्या घराने ही नोंद नाकारली. त्यांचे म्हणणे वरवर रास्त होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या माणसाचे लग्न झालेले नव्हते आणि त्यांचे गाव खानापूर तालुक्यात नव्हते. शिवाय हल्लीच्या सातारा जिल्ह्यात खानापूर तालुकाच नाही. 'दुसराच कोणी' म्हणून प्रकरण इथे मिटले असते. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात.

जिल्ह्याचा गुंता सोपा आहे. १९१४ च्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचे सांगली हे नाव १९६० चे. खानापूर तालुका तेव्हा साताऱ्यात होता. त्याच नावाचा दुसरा तालुका बेळगावात आहे, म्हणून नोंदीतला 'सातारा' हा शब्द महत्त्वाचा. असाच घोळ खेडचा होतो. एक खेड पुण्यात, एक रत्नागिरीत. कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ मध्ये आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीतून निघाला तोही १९८१ मध्येच. आजचा नकाशा समोर ठेवून शंभर वर्षांपूर्वीचा पत्ता शोधला तर तो सापडत नाही.

गावाचा गुंता अधिक खोल. नोंदीतल्या शेरा-रकान्यातले गाव शिपायाचे जन्मगाव असेलच असे नाही. माहिती वारसाकडून किंवा वारसाच्या नावे असलेल्या कागदावरून येते, आणि पत्ता त्या वारसाचा असू शकतो. वारस बायको असेल आणि ती माहेरी राहत असेल, तर नोंदवहीत शिपायाच्या नावापुढे त्याच्या सासरवाडीचे गाव लागते. थाळी ज्या गावात सापडली ते गाव हेच होते.

पण सोयीचे जुळले म्हणून खरे मानायचे नाही. आधी त्या नावाचे इतर उमेदवार काढावेत. सहा मराठा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्यांखेरीज मुंबई सॅपर्समध्ये, वाहतूक दलात आणि मजूर तुकड्यांतही मराठा माणसे होती. नावाची आठ-दहा स्पेलिंगे करून प्रत्येकाने शोध घ्यावा आणि मिळालेल्या सगळ्यांचा तक्ता करावा: नंबर, पलटण, तारीख, वडील किंवा पत्नी, गाव, जिल्हा. इथे सात नावे निघाली. तिघे रत्नागिरीचे, एक कुलाब्याचा, दोघांच्या शेऱ्यात वडिलांचे नाव वेगळे. उरला तो एकच. आता सिद्ध करायचे ते हे, की पदकवाल्या गावातल्या घराचा मुलगा आणि खानापूरच्या बाईचा नवरा हा एकच माणूस. लंडन किंवा दिल्लीतल्या कागदाने ते होत नाही. हिंदी शिपायाचे वैयक्तिक सेवापुस्तक तिथे ठेवलेले नाही. पलटणीच्या रोजनिशीचीही आशा धरू नये, कारण कुत पडण्याआधी आतल्या सैन्याने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून कागद नष्ट केले. पुरावा आहे तो तहसील कचेरीत.

त्या बाईच्या सासरच्या, म्हणजे पदक असलेल्या, गावच्या दप्तरात जमिनीच्या हक्कातले बदल नोंदणारी फेरफार नोंदवही पाहिली. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, त्यामुळे या पिढीच्या वारसनोंदी मिळण्याची शक्यता बरी असते. अक्षर मोडी. वाचता येत नसेल तर अंदाजाने वाचू नये, मोडी वाचणारा गाठावा. म आणि भ यांच्या गोंधळाने माणसाचे नावच बदलते. बऱ्याच जिल्ह्यांत जुने अभिलेख स्कॅन झालेले आहेत, तरी नक्कल मागताना सर्व्हे नंबर आणि आजचा सातबारा सोबत न्यावा. त्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी मागे गेले की हवे ते पान मिळते. वर्षानुवर्षांच्या वह्या चाळत बसावे लागत नाही.

१९१९ च्या फेरफारात आशय असा: अमुक हा लढाईत मयत, कुटुंब एकत्र, पुरुष संतान नाही, सबब भावांची नावे लावली. बायकोचे नाव नाही.

इथेच घरोघरी चूक होते. 'वारसात बायको नाही, म्हणजे लग्न झाले नव्हते.' हा निष्कर्ष आजच्या कायद्याच्या सवयीतून येतो. १९१९ मध्ये एकत्र हिंदू कुटुंबातल्या पुरुषाचा हिस्सा मुलगा नसेल तर त्याच्या भावांकडे जाई. विधवेला पोटगीचा हक्क होता, हिश्श्याचा नव्हता. तिला नवऱ्याच्या जागी मर्यादित का होईना पण हक्क देणारा कायदा १९३७ चा आहे. आणि तिने पाट लावला असता, तर १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा उरलासुरला हक्कही संपला असता. म्हणजे १९३७ पूर्वीच्या फेरफारात विधवा न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावाच नव्हे. 'पुरुष संतान नाही' हे शब्द मात्र नीट वाचावेत. 'संतान नाही' असे लिहिलेले नाही.

मुलगी असेल तर तिचा जन्म कुठे नोंदला असेल? नवऱ्याच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, शोधणारे इथे रिकाम्या हाताने परततात. पहिले बाळंतपण माहेरी होते. जन्माची नोंद आईच्या माहेरच्या गावात पाहायची. खानापूर तालुक्यातल्या त्या गावच्या बुकात फेब्रुवारी १९१५ मध्ये एक ओळ मिळाली. मुलाचे नाव नाही, कारण बारशाच्या आधी नोंद होई. नुसते 'मुलगी'. बापाचे नाव, आणि त्याच्यापुढे राहण्याचे गाव: पदक असलेले गाव. एवढ्या एका ओळीने दोन्ही घरे जोडली गेली. तारीखही जुळते. पलटण ऑक्टोबर १९१४ मध्ये जहाजावर चढली तेव्हा ती बाई पाच महिन्यांची गरोदर होती. लेक जन्मली तेव्हा बाप बसऱ्यात होता, आणि तो परत आला नाही.

उलटी तपासणीही करावी. त्याच गावात त्याच नावाचा दुसरा पुरुष होता का? सासरच्या गावातल्या १८८० ते १९०० च्या जन्मनोंदी, आणि मिळाल्यास घराण्यांच्या वंशावळी ठेवणाऱ्या हेळव्याच्या वहीतली किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या चोपडीतली वंशावळ यांवरून हे पाहता येते. वंशावळीत मुलींची नावे क्वचितच असतात, पण पुरुषांची शाखा तपासायला ती पुरते. इथे त्या नावाचा पिढीत एकच पुरुष निघाला.

सासरच्या घराने तिला विसरावे कसे? यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस इन्फ्लुएन्झा आला. कोतवाल बुकात त्या सप्टेंबर-ऑक्टोबरची पाने भरून वाहतात, कारणाच्या रकान्यात खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप'. त्याच वर्षी पाऊसही फसला. या घरात शिपायाची आई आणि थोरली भावजय त्या दोन महिन्यांत गेल्या. सुनेला ओळखणाऱ्या, तिचे बाळंतपण ठरवणाऱ्या बायका याच होत्या. पुरुषांच्या हाती उरला तो पदकाचा डबा आणि शेताचा उतारा, आणि दोन्हींवर तिचे नाव नव्हते. लहान मुलगी कडेवर असलेली विधवा माहेरीच राहिली. वारस म्हणून थाळी तिथे पोहोचली. लेकीचे लग्न झाले तेव्हा थाळी तिच्याबरोबर त्याच गावातल्या तिच्या सासरी गेली, म्हणूनच ती दुसऱ्याच आडनावाच्या घरात सापडते. शिपायाच्या वस्तू शोधताना लेकींच्या घरी विचारलेच पाहिजे. भाऊबंदांच्या घरांत नसलेले बरेच काही तिथे निघते.

राहिला मृत्यू. ११७ वी पलटण २९ एप्रिलला शरण गेली आणि नोंद ऑगस्टची आहे. यातून 'कैदेत मेला' असे पटकन म्हटले जाते, पण शक्यता तीन आहेत. तो टेसिफोनला जखमी होऊन वेढ्याआधीच नदीने खाली बसऱ्याला गेला असेल आणि पुढे इस्पितळात वारला असेल. कुतमध्ये पोहोचू न शकलेल्या नव्या तुकडीबरोबर तो बाहेरच्या सैन्यात असेल. किंवा तो आत होता आणि कैदी झाला. स्टार तिन्ही शक्यतांना चालतो. इस्पितळात मेला असता तर थडगे किंवा दहनाची जागा नोंदलेली असण्याचा संभव जास्त, आणि मग नाव बसरा स्मारकाकडे आले नसते, कारण ते थडगे ठाऊक नसलेल्यांचे स्मारक आहे. तेवढ्याने पहिली शक्यता कमी होते, संपत नाही.

इथे घरची रीत कामाला आली. पितृपक्षात कोणाचे श्राद्ध कोणत्या तिथीला, हे विचारण्यासारखे असते. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने गेलेल्यांची. त्या दिवशी पान वाढत असतील तर घराला लढाईतला मृत्यू कळवला गेला होता असे समजावे. सर्वपित्रीला असेल तर तिथी ठाऊक नव्हती. बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी, म्हणजे देहाऐवजी पळसाची प्रतिमा करून अंत्यसंस्कार, केला असेल तर माणूस बेपत्ता म्हणून धरला होता. भावांच्या घरात सर्वपित्री होती, म्हणजे काहीच ठाऊक नव्हते. लेकीच्या घरात मात्र आजी दरवर्षी चैत्राच्या शेवटी, वद्यात, एक ताट बाजूला काढायची. कारण नातवंडांना माहीत नव्हते. २९ एप्रिल १९१६ म्हणजे शके १८३८ च्या चैत्र वद्याचे शेवटचे दिवस. शिपायाच्या विधवेला, म्हणजे या आजीच्या आईला, ऑगस्ट कळलाच नव्हता. तिच्यापर्यंत पोहोचले ते कुत पडल्याचे, आणि तिने तोच दिवस धरला. नवरा वेढ्याच्या आत होता हे तिला माहीत होते. तो बाहेर असता तर हा दिवस धरण्याचे कारण नव्हते. हा न्यायालयात टिकणारा पुरावा नाही. पण तीन शक्यतांतली एक निवडताना त्याला वजन आहे.

मग पुढचा मार्ग ठाऊक आहे. वेढ्यात घोड्याचे मांस खायला हिंदी शिपाई बराच काळ तयार नव्हते, ताजी भाजी नव्हती, त्यामुळे स्कर्व्हीने ते आधीच खंगलेले होते. शरणागतीनंतर नदीकाठच्या शुमरान तळावर भुकेल्या माणसांना दगडासारखी बिस्किटे मिळाली आणि ती खाऊन कित्येक जण आतड्याच्या विकाराने तिथेच मेले. उरलेल्यांना बगदादपर्यंत चालवले, समाराला रेल्वेने नेले, आणि तिथून पुन्हा पायी तिक्रित, मोसुल, निसिबिन करत रास-अल-ऐनला, रेल्वेच्या बांधकामावर. हिंदी कैदी मुख्यतः तिथे नेले गेले. ऑगस्ट १९१६ म्हणजे हा माणूस त्या वाटेवर तरी असेल किंवा त्या कामावर. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची १९१४-१८ ची कैद्यांची कार्डे ऑनलाइन पाहता येतात, पण तुर्की कैदेतल्या हिंदी शिपायांसाठी ती अपुरी आहेत. या शिपायाचे कार्ड निघाले नाही. नोंदीतल्या तारखेबाबतही सावध राहावे. त्याच पलटणीच्या आणखी काही शिपायांपुढे तीच तारीख आहे. मृत्यू नेमका ठाऊक नसला की कार्यालय एक तारीख ठरवून देई, ही तशी असण्याची शक्यता धरावी. म्हणून कुटुंबाच्या तक्त्यात 'ऑगस्ट १९१६, ठरवलेली तारीख असू शकते, तुर्की कैदेत, जागा अज्ञात' असे लिहिले आहे.

बसरा स्मारकावर त्याचे नाव कोरलेले नाही. फ्रान्समधल्या नव-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे दगडात आहेत. १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या बसरा स्मारकावर, जिथे चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे, हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आली. नावे वेगळ्या नोंदवहीत गेली. गावच्या चावडीवर आकडा आणि बसऱ्यातही आकडा, हा अन्याय होता. तो अन्याय होता हे आयोगाच्याच समितीने २०२१ च्या अहवालात मान्य केले. अशा असमान रीतीने स्मरण झालेल्यांची संख्या त्या अहवालाने ४५,००० ते ५४,००० धरली आहे. स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर दूर नेले गेले. तिथे जाणे कुटुंबाला जवळजवळ अशक्य आहे.

शक्य आहे ते नोंद दुरुस्त करणे. आयोग समकालीन कागद मागतो, कुटुंबाचे सांगणे पुरत नाही. या प्रकरणातला संच असा झाला: स्टारच्या पाठीचे चार फोटो, थाळीचा फोटो, १९१९ च्या फेरफाराची प्रमाणित नक्कल, १९१५ च्या जन्मनोंदीची नक्कल, दोन्हींचे मोडीवरून देवनागरी लिप्यंतर आणि त्याचे इंग्रजी भाषांतर. मागण्या तीनच ठेवल्या. नावाचे स्पेलिंग, शिपायाचे स्वतःचे गाव, आणि पत्नीचे गाव वेगळे दाखवणे. तारखेला हात लावला नाही, कारण तिच्याविरुद्ध कागद नाही. एका अर्जात सिद्ध न होणारी एक मागणी घातली की सिद्ध होणाऱ्या तिन्हींवर शंका येते.

नोंदवहीत मुलीसाठी रकाना नाही. तिचे नाव कोतवाल बुकातही नाही, तिथे नुसते 'मुलगी' आहे. ते नातवंडांकडून मिळाले. आता ते दोन्ही घरांनी मिळून केलेल्या वंशावळीच्या तक्त्यात, बापाच्या नंबराखाली, फेब्रुवारी १९१५ या महिन्यासह लिहिले आहे.